निशिकांतचा कान

माझ्या नवऱ्याला स्वयंपाकघरातून मारलेली हाक ऐकू येत नाही, पण त्याच्या कंपनीत त्याला ‘कानवाले साहेब’ म्हणतात. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, एवढा मोठा विनोद मी दुसरा ऐकलेला नाही.

हे नाव त्याला उगाच पडलं नव्हतं. जहाजाच्या इंजिनरूममध्ये उतरायचं, चालत्या जनरेटरला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, त्याची मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटून सांगायचं, "ह्या युनिटचं बेअरिंग जातंय, उघडा." उघडलं की दोष तिथंच निघायचा. एवढ्या एका गोष्टीवर निशिकांतनं जन्मभर नाव कमावलं. बरीच वर्षं चीफ इंजिनियर म्हणून समुद्रावर काढली आणि मग सिंगापूरच्या एका शिपिंग कंपनीत सुपरिंटेंडंट होऊन जमिनीवर आला. ऑफिस पाया लेबारला, आमचा फ्लॅट तिथून जवळच. कंपनीची जहाजं बंदराबाहेर नांगर टाकून उभी राहिली की हा लाँचनं जातो, तपासणी करतो आणि परत येताना एखाद्या मराठी पोराला जेवायला घेऊन येतो.

वाढणारी मी, कुमुद. माहेरी पुण्यात होते तेव्हा हिशेबाची चांगली नोकरी करत होते. ती नोकरी नवऱ्याच्या बदल्यांत आणि मुलीच्या शाळेत कुठं वाहून गेली ते कळलंही नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे माझ्या बोलण्यातला तिखटपणा कुठून येतो ते विचारायला नको.

तर जेवायला येणारी ती पोरं. जहाजावर नवीन लागलेल्या ज्युनियर इंजिनियरला ‘पाच साब’ म्हणतात. साब फक्त नावाला. पुसायचं तेल त्यानं, उपसायची घाण त्यानं आणि खायच्या शिव्याही त्यानंच. निशिकांत स्वतः पाच साब होता तेव्हा त्याचा चीफ होता शामकांत नावाचा एक गृहस्थ. मी त्याला फक्त फोटोत पाहिलाय, मिशा आणि पोट, बाकी काही लक्षात राहण्यासारखं नाही. पण आमच्या घरात त्याचं नाव कुलदैवतासारखं घेतलं जायचं. शामकांत चीफची शिकवण्याची पद्धत साधी होती. इंजिनरूमच्या दारात पोराच्या कानावरचे आवाज अडवणारे मफ काढून घ्यायचे, खिळ्याला टांगायचे आणि म्हणायचं, "आज कुठलं युनिट कुरकुरतंय ते सांग, मग मफ घे." त्या भयानक आवाजात उभं राहून ऐकता ऐकता कान तयार होतो, असं त्याचं म्हणणं. निशिकांतचा झाला. मग निशिकांत चीफ झाल्यावर त्यानंही मफ खिळ्याला टांगले.

कुणी ज्युनियर कुरकुर करतोय असं वाटलं की निशिकांत एक गोष्ट सांगायचा. माझ्या जेवणाच्या टेबलावर ती मी इतक्या वेळा ऐकली आहे की मला पाठ आहे. "विलायतेत दीड-दोनशे वर्षांपूर्वी बॉयलर कसे बनायचे माहितीय? लोखंडी पत्रे रिव्हेट ठोकून जोडायचे. शिकाऊ पोराला बॉयलरच्या पोटात बसवायचे, रिव्हेट आतून दाबून धरायला. बाहेरून उस्तादाचा हातोडा. दिवसभर. विशीत पोरं बहिरी. चुकलं की चाबूक, पळून गेलं तर तुरुंग, कारण बापानं पोराला कराराने बांधून दिलेलं. अशा पोरांनी बनवलेल्या बॉयलरवर जग फिरलं, राजा. आणि तुम्हाला एसी कंट्रोल रूममध्ये बसून कंटाळा येतो!" गोष्ट संपली की तो आमटी भुरकायचा. पोरं आदरानं बघायची. मीही हसून पोळी वाढायचे. त्या पोरांबद्दल वाईट वाटायला हवं, हे त्या टेबलावर कधी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ह्या सगळ्या पोरांत उल्हास निशिकांतचा सर्वांत लाडका. देवगडचा. निशिकांतच्या हाताखाली पाच साब म्हणून लागला आणि बघता बघता स्वतः चीफ इंजिनियर झाला, आमच्याच कंपनीत. दर दिवाळीला जहाज कुठल्याही समुद्रात असो, त्याचा फोन यायचाच. "वहिनी, सरांना सांगा, आज नुसत्या कानानं पंप पकडला." निशिकांत तो फोन स्पीकरवर टाकायचा आणि तीन-तीनदा "काय? काय?" करायचा. मला वाटायचं, स्तुती पुन्हा ऐकायची हौस.

यंदा चिनी नववर्षाच्या सुट्ट्या संपत आल्या असताना उल्हासचं जहाज सिंगापूरला आलं. त्यावरून एका पाच साबाला उतरवून डॉक्टरकडे नेलं होतं. मुकुल त्याचं नाव, चिपळूणजवळचा. कानात सतत शिट्टी वाजते अशी त्याची तक्रार. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, डावा कान गेलेला आहे आणि उजवाही कमी झालाय. समुद्रावर जाण्यास अपात्र. उल्हासनं जहाजावरून कळवलं होतं की पोरगा निष्काळजी आहे, मफ घालायचा नाही. खरं काय ते शोधून ऑफिसला सांगायचं काम निशिकांतकडे आलं. आणि सवयीप्रमाणे तो चौकशीआधी पोराला जेवायला घेऊन आला.

मुकुल बारीक, गोरा, डोळे सारखे समोरच्याच्या ओठांवर. मी त्याच्या डाव्या बाजूनं भाताचं भांडं घेऊन गेले आणि विचारलं, "भात वाढू का रे?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तो आपला समोर निशिकांतकडे बघून हसतोय. मला रागच आला. आईनं काही शिकवलं नाही का, असं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात खाली ढोल सुरू झाला. सिंहनृत्यवाले आमच्या ब्लॉकखाली आले होते. आवाज डावीकडच्या खिडकीतून येत होता. मुकुलनं दचकून उजवीकडे, भिंतीकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे. मग छताकडे.

आमची ईशा, म्हणजे मुलगी, समोरच बसली होती. तिनं हळूच, तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हटलं, "पपा, ही कान्ट हिअर दॅट साइड, लाह."

मुकुल ओशाळला. "सॉरी काकू. डावीकडचं जरा... आणि आवाज कुठून येतो ते पटकन कळत नाही."

मी भांडं खाली ठेवलं. मी उजवीकडून जाऊन त्याला भात वाढला, नको इतका वाढला.

"मफ का नाही घातलेस?" निशिकांतनं विचारलं. साहेबी आवाजात नाही, सहज.

मुकुलचा चेहरा उजळला. "सर, चीफ म्हणाले मफ घालून इंजिन शिकता येत नाही. तुम्ही त्यांना असंच शिकवलंत ना! कानवाले साहेबांची पद्धत, असंच म्हणतात ते. बॉयलरमधल्या पोरांचं पण सांगितलं त्यांनी."

निशिकांतचा घास ताटातच राहिला.

"रोज?" त्यानं विचारलं.

"हो सर, वॉचच्या पाळीत रोज. एकदा मी चुकीचं युनिट सांगितलं, तेव्हा दोन जनरेटरच्या मध्ये उभं केलं, बरोबर सांगेपर्यंत. दुसऱ्या दिवशी पण. मग शेवटी बरोबर सांगितलं मी."

"हाऊ डिड यू नो?" ईशानं विचारलं.

"अंदाजानं," मुकुल म्हणाला. "तोपर्यंत काहीच ऐकू येत नव्हतं." आणि मग घाईघाईनं निशिकांतकडे वळला. "पण सर, तुम्ही ऑफिसला माझीच चूक सांगा. मी मफ विसरलो असं मी म्हणेन. चीफ वाईट नाहीत. मला पोटच्या पोरासारखं वागवायचे, म्हणून तर शिकवलं. फक्त... कान परत येईल ना सर? डॉक्टर इंग्लिशमध्ये भरभर बोलले, मला नीट कळलं नाही."

निशिकांत पाणी प्यायला, उठला, हात धुवायला गेला आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

मुकुलला हॉटेलवर सोडून निशिकांत परत आला तो नुसता सोफ्यावर बसला. टीव्ही नाही, फोन नाही. मी समोर जाऊन उभी राहिले. "काय सांगणार आहेस ऑफिसला?"

"तेच कळत नाहीये."

न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि मी ते त्याला ऐकवलं. निष्काळजीपणा म्हटलं की पोरगा संपला. कान गेलेला आणि वर बेजबाबदार असा शिक्का. त्याला समुद्रावर तर सोडाच, जमिनीवरच्या वर्कशॉपमध्येही कुणी उभं करणार नाही. खरं सांगितलं तर उल्हासचं चीफपण जाणार. आणि उल्हासच्या मागोमाग प्रश्न येणार की हे त्याला कुणी शिकवलं.

"मला माझ्या नावाची भीती नाही," निशिकांत म्हणाला.

"आहे," मी म्हटलं. "जन्मभर दुसरं केलंय काय तू?"

हे लागलं त्याला. लागावं म्हणूनच बोलले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उल्हास आला, अननसाच्या टार्टचा लाल डबा घेऊन. माझ्या पाया पडला. निशिकांतच्या समोर बसला आणि वेळ न घालवता मुद्द्याला हात घातला. "सर, प्रकरण वाढवू नका. पोरगा स्वतः म्हणतोय त्याची चूक. मी काय वेगळं केलं? तुम्ही मला असंच उभं केलं होतंत. एकदा तर मी रडलो होतो, आठवतं? म्हणून आज मी चीफ आहे. माझे कान शाबूत आहेत, तुमचे आहेत. ह्याचेच नाजूक निघाले, त्याला आपण काय करणार?"

निशिकांतनं लाल डबा बाजूला सरकवला. मग मला म्हणाला, "कुमुद, माझ्या मागे जाऊन उभी राहा. आणि काहीतरी बोल. नेहमीच्या आवाजात."

मला वाटलं, ह्याचं डोकं फिरलं. पण गेले. सोफ्यामागे, हातभर अंतरावर उभी राहिले आणि म्हणाले, "तू फार हट्टी माणूस आहेस, निशी, आणि ह्या वेळी हट्ट केलास तर मी तुला माफ करणार नाही."

उल्हासनं चमकून माझ्याकडे पाहिलं. निशिकांत सरळ समोर बघत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "बोलली का?"

मला एकदम इतक्या वर्षांचे सगळे आपटलेले दरवाजे आठवले. ऐकत नाही, दुर्लक्ष करतो, बायकोला किंमत देत नाही, म्हणून मी किती भांडले होते, आणि भांडत होते ती एका बहिऱ्या माणसाशी. समोरून बोललं की ओठांवरून त्याला कळायचं. पाठीमागून बोललेलं सगळं वाया गेलेलं. मला रडू आलं आणि रागही आला. दोन्ही बरोबरच.

"माझा कान कधी गेला ते मलाही नक्की सांगता येणार नाही," निशिकांत म्हणाला. "पण तू सेकंड इंजिनियर झालास, उल्हास, तेव्हा तो गेलेला होता."

"अहो पण सर, बेअरिंग? मागच्या वर्षी माझ्या जहाजावर तुम्ही माझ्यासमोर ओळखलंत. स्क्रूड्रायव्हर लावून."

"मूठ कानाला लावतो. पण कळतं ते हाताला." त्यानं आपला उजवा तळहात उघडून पुढं धरला. "थरथर कळते. नीट चालणाऱ्या युनिटची वेगळी, बिघडलेल्याची वेगळी. कानाला काही ऐकू येत नाही रे. शिट्टी तेवढी वाजते, मुकुलसारखी."

"मेडिकलला कसे पास होता मग?"

"ऐकू आलं की बटण दाबायचं असतं. समोरच्या काचेत डॉक्टरचा हात दिसतो. तो हलला की दाबतो."

उल्हास टेबलावरच्या लाल डब्याकडे बघत होता. "म्हणजे हे मफ घालूनही जमलं असतं?"

"जमलं असतं."

"मला पण? आणि त्याला पण?"

"सगळ्यांना."

"मग सांगितलं का नाहीत?" उल्हासचा आवाज चढला. "शिकवायचं तर खरं ते शिकवायचं ना, सर! हात शिकवायचा. मी त्या पोराला तिथं उभं केलं, तो थरथरत होता, आणि मला वाटत होतं की मी त्याला तुमची विद्या देतोय."

"सगळे कानवाले साहेब म्हणायचे," निशिकांत म्हणाला. "मला ते आवडायचं. दुसरं कारण नाही."

दुसरं एखादं कारण त्यानं द्यावं, शामकांत चीफवर ढकलावं, त्या काळावर ढकलावं, असं क्षणभर मलाच वाटलं. त्यानं ढकललं नाही. उल्हास उठला. माझ्याकडे न बघता चपला घालून बाहेर पडला. लिफ्ट येईपर्यंत तो कॉरिडॉरमध्ये पाठमोरा उभा होता आणि निशिकांत दारात.

त्याच दुपारी निशिकांतनं ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. पद्धत माझी, मी ती उल्हासला शिकवली, पोरगा मफ विसरला नव्हता, ते त्याच्याकडून काढून घेतले होते. स्वतःच्या कानाचंही सांगितलं. ऑफिसातल्या एका बाईंनी विचारलं, हे कधीपासून चालत आलंय? त्याला सांगता येईना. त्याच्याआधी शामकांत, शामकांतच्या आधी कोणी गोदीतला फोरमन, त्याच्याआधी कोण? घरी आल्यावर मला म्हणाला, "कुमुद, ती बॉयलरची गोष्ट मी इतकी वर्षं सांगत आलो. मला वाटायचं, मी त्या आतल्या पोरांच्या बाजूनं बोलतोय. पण हातोडा माझ्याच हातात होता गं." हे बोलताना तो रडला. मी त्याला थोपटलं नाही. थोपटण्यासारखं वाटलं नाही, खरंच सांगते.

पुढचं भराभर झालं. उल्हासला जहाजावरून उतरवलं. त्याचं चीफपण राहणार की जाणार ते अजून ठरायचंय, आणि ह्या दिवाळीत फोन येईल असं मला वाटत नाही. निशिकांतनं आपणहून निवृत्ती मागितली आणि कंपनीनं ती फारशी ओढाताण न करता दिली. मुकुलच्या नावापुढचा निष्काळजीपणाचा शेरा पुसला गेला. कामावर झालेली इजा अशी नोंद झाली आणि मुंबईच्या ऑफिसात जमिनीवरचं काम त्याला देऊ केलं. समुद्र मात्र संपला. तो ते काम घेणार आहे. घरी अजून सांगितलेलं नाही, म्हणाला. आई घाबरेल.

तो निघायच्या दिवशी मी निशिकांतला विचारलं, "ऑफिसला सांगितलंस, उल्हासला सांगितलंस. त्या पोराला काय सांगितलंस?"

"त्याला माहितीय सगळं. ऑफिसनं सांगितलंय."

"ऑफिसनं सांगितलंय. तू काय सांगितलंस?"

त्यानं शर्ट बदलला आणि आम्ही दोघं टॅक्सी करून चांगी विमानतळावर गेलो.

मुकुल रांगेच्या अलीकडे उभा होता, पाठीला सॅक, हातात आईसाठी घेतलेली पिशवी. आम्हाला बघून इतका आनंदला की मला लाज वाटली. वाकून नमस्कार करायला लागला, निशिकांतनं त्याला वरच्या वर धरलं. मी त्याला डब्यात दशम्या दिल्या. मग दोन पावलं मागे सरले. ह्यात मला पडायचं नव्हतं.

इतकं सगळं होऊनही निशिकांत नेमका त्याच्या डाव्या बाजूला उभा राहिला. मुकुल वरच्या बोर्डावर विमानाची वेळ बघत होता. निशिकांतनं दोनदा घसा खाकरला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "चुकलं माझं, मुकुल."

मुकुल बोर्ड बघत राहिला.

निशिकांतनं त्याच्या खांद्याला हात लावला. मुकुल वळला. निशिकांतनं मान खाली घातली होती, म्हणून त्याला ओठ दिसले नसावेत. पुन्हा तेच शब्द. शेजारून ट्रॉल्यांची लांबच लांब रांग खडखडत गेली. मुकुलनं उजवा कान पुढं केला आणि कसनुसं हसला. "सॉरी सर. ऐकू नाही आलं."

निशिकांतचा चेहरा लाल झाला. त्याच्या गळ्याची शीर तट्ट फुगली. स्वतःचाही आवाज धड ऐकू न येणाऱ्या त्या माणसानं श्वास भरून घेतला आणि चालत्या इंजिनांवरून हुकूम देतात तशा आवाजात ओरडला.

"चुकलं माझं!"

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. एक लहान मूल आईला बिलगलं. मुकुलच्या हातातली पिशवी खाली पडली. त्याच्या टाचा जुळल्या, हात मांड्यांना चिकटले, हनुवटी वर गेली आणि तोंडावरचं हसू पुसल्यासारखं गेलं.

"येस सर," तो म्हणाला.

निशिकांत त्याच्याकडे बघतच राहिला. त्यानं दोन्ही हात पुढं केले, पण पोराला हात लावायचं त्याचं धाडस झालं नाही. मी पुढं होऊन पिशवी उचलली, मुकुलच्या हाताशी नेली, तरी त्याची मूठ उघडेना. शेवटी निशिकांतनं अगदी हळू, ओठ नीट दिसतील असं, "जा बाळा," म्हटलं. तोपर्यंत मुकुल तसाच ताठ उभा होता.